देणाऱ्याला जाब विचारावा का?

जो आपला खर्च भागवतो त्याला जाब विचारण्याचा हक्क आपल्याला असतो का? ब्लॅकबर्न रोव्हर्स या फुटबॉल क्लबचा पाठीराखा म्हणून हा प्रश्न मला छळतो. माझी नोकरी देवस्थानं आणि इतर सार्वजनिक न्यासांचे हिशेब तपासण्यात गेली, म्हणून तो जास्तच छळतो. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या या क्लबचे मालक आमच्या पुण्याचे आहेत. सिंहगड रस्त्यावर कोंबड्यांच्या धंद्यातल्या या वेंकीज समूहाचं मुख्यालय आहे. तिथून जाताना मला क्लबचं मैदान, ईवूड पार्क आठवतं आणि मित्रांचं बोलणंही आठवतं : ‘अरे, पैसे त्यांचे, तोटा त्यांचा, तुला काय पडलंय?’

मित्रांच्या बोलण्यात तथ्य आहे, ते आधी मान्य करतो. नोव्हेंबर २०१० मध्ये वेंकीजने २.३ कोटी पौंडांना क्लब घेतला, आणि तेव्हापासून त्यांनी वीस कोटी पौंडांहून जास्त रक्कम त्यात घातली आहे. इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत खेळाडूंचे पगारच अनेक क्लबांचं सगळं उत्पन्न खाऊन टाकतात. उरलेली तूट मालकाने भरायची असते. ती भरली गेली नाही तर काय होतं, ते जवळच्याच बरी गावाने पाहिलं. १८८५ साली स्थापन झालेला त्यांचा क्लब ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधून काढून टाकला गेला. रोव्हर्सवर ती वेळ आली नाही. मे २०१२ मध्ये विगनविरुद्धच्या ज्या सामन्यात आम्ही प्रीमियर लीगमधून खाली गेलो, त्या सामन्यात कुणी तरी मैदानात कोंबडी सोडली. माणसाच्या धंद्याचा असा अपमान मला तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही.

तरीही प्रश्न उरतोच. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. रक्कम किती, याची तिथे विचारपूससुद्धा नाही. देश, काल आणि पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेलं ते सात्त्विक. घेणाऱ्याचा सत्कार न करता, अवज्ञेने दिलेलं ते तामस. म्हणजे देणाऱ्याचं काम पैसे दिले की संपत नाही. घेणारा कोण आहे हे जाणून घेणं हा दानाचाच भाग आहे. क्लबची मालकी हे काही शास्त्रातलं दान नव्हे. पण जिथे परताव्याची आशा उरलेली नाही आणि रक्कम मात्र जातेच आहे, तिथे दुसरं कोणतं माप लावायचं? आमचे मालक कित्येक वर्षांत ईवूड पार्कवर फिरकलेले नाहीत. क्लब ताब्यात घेतल्यावर महिन्याभरातच सॅम अ‍ॅलर्डाइस या अनुभवी प्रशिक्षकाला काढलं गेलं. पुढे २०१७ मध्ये आम्ही तिसऱ्या श्रेणीपर्यंत घसरलो आणि २०१८ मध्ये वर आलो. या सगळ्यात पैसा हजर होता, माणूस हजर नव्हता.

याउलट जॅक वॉकर. ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला, पोलादाच्या धंद्यात श्रीमंत झालेला. १९९१ मध्ये त्याने क्लब हाती घेतला, १९९२ मध्ये स्ट्रायकर अ‍ॅलन शियररला आणलं, आणि १९९५ मध्ये एका गिरणगावाचा हा क्लब इंग्लंडचा विजेता झाला. मैदान नव्याने बांधलं, ब्रॉकहॉलला तरुण खेळाडूंची अकादमी उभी केली. गीतेच्या कसोटीवर याहून चोख दान कोणतं? पण २००० साली वॉकर गेला. त्याच्या न्यासाने काही वर्षं पैसे पुरवले, मग हात आखडता घेतला आणि शेवटी क्लब विकला. प्रेमाने देणारा गेल्यावरही क्लब पुढच्या देणाऱ्याची वाट पाहत उभाच राहिला.

इथे माझी हिशेब तपासण्याची सवय कामाला येते. एखाद्या देवस्थानाचा उत्सव दर वर्षी एकच यजमान करत असेल, तर जमाखर्च अगदी स्वच्छ दिसतो. पण मी आधी कायम ठेव पाहायचो. तिच्या व्याजावर निदान नंदादीप तेवत राहतो का? नसेल, तर त्या यजमानाने देवळाला दिलं खूप, पण त्याला आपल्यावाचून उभं राहायला शिकवलं नाही.

२०२३–२४ च्या हंगामाने हेच दाखवलं. परकीय चलन कायद्याखालच्या चौकशीमुळे भारतातून क्लबला पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी लागू लागली, तीही तेवढ्याच रकमेच्या बँक हमीवर. हजारो मैलांवरच्या एका गावाचा संघ आमच्या राजधानीतल्या न्यायालयाच्या तारखांकडे डोळे लावून बसला. त्याच हंगामात अ‍ॅडम व्हार्टन क्रिस्टल पॅलेसला गेला. ब्लॅकबर्नमध्ये जन्मलेला, लहानपणापासून आमच्याच अकादमीत वाढलेला हा मुलगा सुरुवातीच्या सुमारे १.८ कोटी पौंडांना विकला गेला. शेवटच्या दिवशी सॅमी स्मॉडिक्सने लेस्टरच्या मैदानावर दोन गोल केले आणि आम्ही तिसऱ्या श्रेणीत जाण्यापासून वाचलो. लीगमध्ये त्या मोसमात २७ गोल करणारा स्मॉडिक्ससुद्धा उन्हाळ्यात इप्सविचला गेला. खेळाडू विकणं पाप नाही. लहान क्लबांचं पोट त्यावरच चालतं. पण पोटचं विकून आलेला पैसा चालू खर्चात विरून गेला, तर उद्या विकायलाही काही उरणार नाही.

म्हणून मालक बदला, असं मी म्हणत नाही. माझ्या मागण्या तीन. त्यांनी ईवूड पार्कवर यावं आणि लोकांसमोर बसावं. संचालक मंडळात पाठीराख्यांचा एक माणूस घ्यावा. आणि अकादमीत घडलेला खेळाडू विकला की त्या रकमेचा ठरलेला वाटा अकादमीच्याच कायम निधीत जावा, कितीही नड असली तरी त्याला हात लावू नये.

याची किंमत आहे, आणि ती आम्हा पाठीराख्यांनी उचलायला हवी. एकीकडे मालकाने शहाणपणाने वागावं म्हणायचं आणि दुसरीकडे दर जानेवारीत नवा स्ट्रायकर मागायचा, हे चालणार नाही. निधी बाजूला पडला तर खरेदी कमी होईल, काही हंगाम तक्त्यात खाली काढावे लागतील, कदाचित पुन्हा एकदा तिसरी श्रेणीही पाहावी लागेल. मला ते मान्य आहे. दुसऱ्याच्या पैशावर फक्त विजय मागणारा माणूस देणाऱ्याला जाब विचारू लागला, तर त्याला कृतघ्न म्हणता येईल. पण जो उत्तराबरोबर येणारी तोशीस स्वतः सोसायला तयार आहे, त्याचा जाब विचारण्याचा हक्क कोणत्याही धनादेशाने विकत घेता येत नाही.