कानीन पुत्र आणि कुरुकुळातले मौन

लग्नाआधी झालेल्या मुलाला धर्मशास्त्र ‘कानीन’ म्हणते. कुरुकुळात असे दोन: सत्यवतीचा व्यास आणि तिच्या नातसुनेचा, कुंतीचा, कर्ण. दोघांचेही जन्म लपवले गेले. पण एक गुपित वेळेवर उघड झाले आणि वंश टिकला. दुसरे उघड झाले ते युद्धानंतर, मेलेल्यांना तिलांजली देताना.

विचित्रवीर्य निपुत्रिक वारला आणि भीष्माने नियोगाला नकार दिला, तेव्हा सत्यवतीने लाजत-संकोचत पराशरापासून झालेल्या मुलाची हकीकत सावत्र मुलाला सांगितली. व्यासाला बोलावणे गेले. धृतराष्ट्र आणि पांडू जन्मले.

कुंतीलाही अशी संधी आली होती. शापामुळे संतती अशक्य झालेला पांडू आदिपर्वात तिला पुत्रांचे प्रकार सांगतो. त्यांत ‘कानीन’ हा शब्द त्याच्याच तोंडी येतो. कुंती देवाला बोलावून पुत्र मिळवण्याचा दुर्वासाचा मंत्र सांगते, पण तो एकदा वापरून पाहिला होता, हे सांगत नाही. कर्णकथेतली सर्वांत जड शांतता हीच. बाळ कर्णाला घालून अश्वनदीत सोडलेल्या पेटीपेक्षाही जड, कारण पेटी सोडणारी कुमारिका होती आणि इथे गप्प राहणारी राणी.

सत्य लपवणे म्हणजेच अधर्म, असे महाभारत मानत नाही. लपलेल्या लोकांचा ठावठिकाणा लुटारूंना खराखुरा सांगून नरकात गेलेल्या कौशिक ब्राह्मणाची गोष्ट कर्णपर्वात कृष्णच सांगतो. तेव्हा पाहायचे ते हे, की मौनाची किंमत कोण मोजतो. कुंतीची अब्रू राहिली. सूतपुत्र म्हणून हिणवला गेला कर्ण.

युद्धाच्या तोंडावर मात्र जाणते बरेच होते. कानीन पुत्र आईच्या पतीचाच ठरतो, असे सांगून कृष्णाने कर्णापुढे राज्य ठेवले. कर्णाने ते नाकारले, वर ही गोष्ट युधिष्ठिराला कळू देऊ नये असे विनवले; त्याला कळले तर तो राज्य आपल्याला देईल आणि आपण ते दुर्योधनाला देऊन टाकू, ही त्याची भीती. भीष्मालाही ठाऊक होते. अनभिज्ञ होता तो युधिष्ठिर. द्यूतसभेत कर्णाचे पाय कुंतीच्या पायांसारखे दिसून आपला राग का ओसरला, हे त्याला फार उशिरा उमगले. शांतिपर्वात त्याने शाप दिला तो स्त्रियांना: त्यांच्या पोटात गुपित राहणार नाही. कृष्ण, भीष्म आणि खुद्द कर्ण यांनीही ते राखले होते, याचा हिशेब या शापात नाही.

मराठी कादंबरीने हा हिशेब वेगळा मांडला. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (1967) कर्णासोबत कुंतीही स्वतःची कहाणी स्वतः सांगते. याचे मूळ महाकाव्यातच आहे. आश्रमवासिकपर्वात, वनात, म्हातारी कुंती अखेर कर्णजन्माची सगळी हकीकत आपल्या तोंडाने सांगते. ऐकणारा असतो तिचा सासरा व्यास, स्वतः कानीन. तो तिला म्हणतो, तुझा यात दोष नाही.