अधिकारावाचून जबाबदारी

उन्हाळ्याच्या अखेरीस वादळ उठते आणि घडांनी लगडलेल्या यावल-रावेरच्या केळीबागा पाहता पाहता आडव्या होतात, तेव्हा सरकारी यंत्रणेचे पहिले काम असते ते पंचनाम्यांचे. आणि फैजपूरच्या प्रांत कचेरीच्या हद्दीतील तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक टळटळीत उन्हात शिवारे तुडवू लागतात. गट नंबर, खातेदाराचे नाव, बाधित क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, पंचांच्या सह्या. सदऱ्यावर केळीच्या चिकाचे न निघणारे डाग, आणि वरून अहवालाच्या मुदतीचे तगादे. मोडलेल्या खांबांपाशी उभा असलेला शेतकरी एवढेच विचारतो, "भाऊसाहेब, पैसे कधी मिळतील?" या प्रश्नाचे उत्तर भाऊसाहेबांपाशी नसते. नुकसान ३३ टक्क्यांच्या आत भरले तर मदत निकषांत बसत नाही. बसलीच, तर ती किती व केव्हा हे ठरवणारी लेखणी मंत्रालयात असते. रोष मात्र बांधावर उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याला येतो.

नोकरीतील ताणाचे मूळ मला या प्रसंगात उघडे पडलेले दिसते. श्रमाने देह थकतो व झोपेने तो पुन्हा उभा राहतो. परंतु ज्याच्या परिणामाचा जाब आपल्याला द्यावा लागतो आणि ज्याच्या निर्णयात आपला शब्द नसतो, असे काम माणसाच्या झोपेतही शिरते. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतील नोकरांचा जो दीर्घ अभ्यास १९६७ साली सुरू झाला व पुढे मायकेल मार्मट यांच्या नावाशी जोडला गेला, त्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू वरिष्ठांपेक्षा तळच्या श्रेणीत कितीतरी अधिक आढळले. धूम्रपान, रक्तदाब इत्यादी कारणे जमेस धरूनही हे अंतर पुरते मिटले नाही. आणि पुढील संशोधनात, आपल्या कामावर आपला ताबा किती, या प्रश्नास मोठे महत्त्व आले. मोठ्या साहेबाच्या डोक्यावर मोठा भार, ही आपली रूढ समजूत त्यामुळे तपासून पाहण्याजोगी ठरते.

याच फैजपुरास कष्टाचे दुसरे रूपही ठाऊक आहे. डिसेंबर १९३६ मध्ये पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रसभेचे, म्हणजे काँग्रेसचे, ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन येथे भरले, तेव्हा अधिवेशनाचे टिळकनगर उभारण्याचे काम गांधीजींनी नंदलाल बोस यांच्यावर सोपविले. आपण चित्रकार, स्थापत्य हे आपले क्षेत्र नव्हे, हा नंदलालांचा संकोच गांधीजींनी मानला नाही. साहित्य मात्र गावात मिळेल तेच वापरावयाचे होते, आणि त्या बांबू-गवतातून काय उभे करावयाचे हे ठरविण्याची मोकळीक कलावंताची होती. धनाजी नाना चौधरींसारखे कार्यकर्ते त्या सिद्धतेत स्वतःस विसरून राबले, आणि साने गुरुजींनी त्यासाठी खानदेशातील खेडी पायाखाली घातली. त्यांचे श्रम कोणत्याही कारकुनाच्या श्रमांहून हलके नव्हते; फरक होता तो कामावरील ताब्याचा.

यावर रास्त आक्षेप असा की, उत्सवातील उत्साह तीस वर्षांच्या चाकरीत कोठून आणावा? तो आणता येत नाही, हे खरे. आणि सेवाभावाची प्रवचने देऊन रिक्त जागांचा बोजा हजर माणसांवर लादणे हा तर उघड अन्याय आहे. अलीकडे कचेऱ्यांतून भरणाऱ्या तणावमुक्तीच्या शिबिरांनी क्षणभर स्वास्थ्य लाभत असेल, पण दुसऱ्या दिवशी टेबलावर तोच तगादा असतो. त्यापेक्षा आढावा बैठकीत मुदत जाहीर करण्यापूर्वी ज्याला शिवारात जावयाचे आहे त्याला, "किती दिवस लागतील?" असे विचारावे, एकाच तलाठ्याकडे दोन-दोन सज्ज्यांचे काम असेल तर दुसऱ्या गावचा माणूस मदतीस द्यावा, आणि मदतीचा निर्णय काय झाला, का झाला, हे वरिष्ठाने स्वतः चावडीवर येऊन सांगावे, म्हणजे "मला ठाऊक नाही" हे वाक्य तलाठ्याला एकट्याने पुनःपुन्हा उच्चारावे लागणार नाही. यांपैकी कशासाठीही नवा कायदा करावा लागत नाही; प्रांतसाहेबांच्या पुढच्या बैठकीपासूनच हे सुरू करता येईल.