डिफॉल्ट कुणाला विचारायचा?

चिरंजीव भाचेबुवांस,



तुझ्या लेव्हल एडिटरचा कोड वाचला. शत्रूवर क्लिक केलं की बाजूच्या पॅनेलमध्ये त्याची सगळी फील्ड्स, त्यांचे डिफॉल्ट आणि ‘पूर्ववत करा’चं बटण दिसावं, हा बेत छान आहे. पॅनेल अर्धं रिकामं येतं, कारण तुझा सी++ कोड भलत्याच टेबलाला प्रश्न विचारतोय.

तुझ्या शत्रूंच्या स्क्रिप्ट्स लुआत आहेत. ही भाषा रिओच्या पीयूसी विद्यापीठात १९९३ साली जन्मली. तिच्यात रचना एकच, ती म्हणजे टेबल. क्लास आपण त्यातूनच उभा करतो. शत्रूच्या स्वतःच्या टेबलात हेल्थ नसतेच. ती प्रोटोटाइपच्या टेबलात १०० अशी लिहिलेली असते आणि मेटाटेबलमधला इंडेक्स तिकडे बोट दाखवतो. एक फील्ड मागणारं लुआ_गेटफील्ड त्या बोटामागे जातं, फील्ड्सची यादी चाळणारं लुआ_नेक्स्ट जात नाही. ‘खिशात पैसे आहेत का’ आणि ‘घरात पैसे आहेत का’ हे जसे दोन वेगळे प्रश्न, तसंच हे. खिशाचं उत्तर रॉगेट देतं. त्याने काही दिलं, तर ते फील्ड या वस्तूवर लिहिलेलं आहे. निल दिलं, तर मूल्य वरून आलंय किंवा कुठेच नाही. तेव्हा यादी करताना साखळीतलं एकेक टेबल चढत जा आणि प्रत्येक नावाचं पहिलं सापडलेलं मूल्य धर. डिफॉल्ट हवा असेल तर चढण प्रोटोटाइपपासून सुरू कर, वस्तूपासून नव्हे. चढताना एक पथ्य पाळ: कीवर थेट लुआ_टूएलस्ट्रिंग चालवू नकोस. की आकडा असेल तर तो जागच्या जागी स्ट्रिंग होतो आणि पुढचं लुआ_नेक्स्ट गोंधळतं. शिवाय फील्ड्स कुठल्या क्रमाने येतील याची हमी नसते, म्हणून पॅनेलचा क्रम तूच ठरव.

एखादी नमुन्याची वस्तू बनवून तिच्यातून डिफॉल्ट वाचायचा मोह होईल. तो टाळ. कन्स्ट्रक्टर चालला की आवाज वाजतो, शत्रू नकाशावर नोंदला जातो, आणि तू तर नुसतं पॅनेल उघडलं होतंस! उलट कन्स्ट्रक्टरमध्येच ठरणारी मूल्यं तो न चालवता कुठल्याही रिफ्लेक्शनला, म्हणजे टेबलं अशी बाहेरून तपासण्याला, दिसणार नाहीत. इंडेक्सच्या जागी फंक्शन असेल, तर त्याला कुठली नावं माहीत आहेत हेसुद्धा बाहेरून कळत नाही. आणि ज्याचा डिफॉल्ट निल, ते फील्ड टेबलात मुळात नसतंच.

म्हणून माझा खरा सल्ला असा, की डिफॉल्ट शोधू नकोस, मागून घे. प्रत्येक स्क्रिप्टने आपल्या फील्ड्सची नावं, प्रकार आणि डिफॉल्ट एका वेगळ्या टेबलात जाहीर करावेत. कन्स्ट्रक्टरने तेच वाचावं आणि एडिटरनेही तेच. रिफ्लेक्शन मग पहाऱ्याला ठेव: जाहीर न केलेलं फील्ड दिसलं की इशारा द्यायचा.

त्या टेबलाबाबत दोन गोष्टी सांभाळ. डिफॉल्ट स्वतःच टेबल असेल, उदाहरणार्थ रिकामी पिशवी, तर प्रत्येक शत्रूला तिची प्रत दे. नाहीतर एकाने उचललेली तलवार सगळ्यांच्या हातात दिसेल. आणि ‘दिलेलं मूल्य ऑर ट्रू’ असं लिहून डिफॉल्ट भरू नकोस. लुआत फॉल्सही निलसारखाच नाकारला जातो, मग कुणी मुद्दाम बंद केलेलं फील्ड गुपचूप चालू होतं. तुलना निलशीच कर.

फाइलमध्ये फक्त बदललेली फील्ड्स साठवायची, हा तुझा विचार पटला. पण त्याची किंमत ओळखून घे: उद्या हेल्थचा डिफॉल्ट १०० वरून ८० केलास, तर जुन्या लेव्हलमधला हात न लावलेला प्रत्येक शत्रू अशक्त होईल. खेळाचा तोल एका जागी बदलायचा असेल तर हेच हवंय. तसं नको असेल तर सगळी मूल्यं साठव. निवड कुठलीही कर, पण पहिली लेव्हल साठवायच्या आधी कर. नंतर प्रत्येक जुनी फाइल उघडून तपासावी लागेल.

ताईला नमस्कार सांग.

तुझी,
मावशी