शिवी कोणाला लागते?

2 फेब्रुवारी 2025 ची संध्याकाळ. अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीच्या अखेरच्या कुस्त्या लागल्या होत्या आणि आम्ही श्रीगोंद्यात घरी टीव्हीसमोर बसलो होतो. गादी विभागाच्या अंतिम लढतीत शिवराज राक्षे हरल्याचे पंचांनी जाहीर केले. त्याला निर्णय मान्य नव्हता. त्याने पंचाची कॉलर धरली, लाथ मारली. पुढे किताबाच्या लढतीत महेंद्र गायकवाडही पंचांच्या निर्णयावर चिडून लढत सोडून गेला. पृथ्वीराज मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला. पंचांशी गैरवर्तन आणि शिवीगाळ केल्याबद्दल राक्षे व गायकवाड या दोघांना कुस्तीगीर संघाने तीन वर्षांसाठी निलंबित केले. निर्णय बरोबर होता की चूक, यावर पारावर आणि चहाच्या टपऱ्यांवर वाद रंगले. आमचा वाद मात्र घरात झाला, आणि तो निराळा होता.

चार दिवसांनी आमचा दहा वर्षांचा मुलगा बहिणीशी कॅरम खेळत होता. हरला. हरल्याबरोबर त्याने बहिणीला आईवरून शिवी दिली. दोघांची आई आत भाकरी थापत होती.

आम्ही हात उगारला. तो म्हणाला, "पैलवान देतात की! टीव्हीवर दाखवतात." मग जरा मागे सरकून म्हणाला, "आणि अब्बा, परवा लिंबाच्या आडत्याला तुम्ही पण दिली होती."

उगारलेला हात खाली आला. आडत्याने आमच्या गोण्यांचे वजन कमी धरले होते, हे खरे होते. आम्ही शिवी दिली, हेही खरे होते.

त्या रात्री आम्ही बराच वेळ विचार करीत राहिलो. खेळाडूने पडद्यावर तोंड सांभाळावे, अशी अपेक्षा आपण सगळेच करतो. पण खेळाडूची बाजूही समजून घेतली पाहिजे. वकिलाला तारीख मिळते, लेखकाला खाडाखोड करता येते. पैलवानाला यातले काहीच नसते. वर्षभराची मेहनत, खुराकाचा खर्च, वस्तादाची आशा, घरच्यांचे कर्ज, सारे एका शिट्टीत संपते आणि श्वास जागेवर येण्याआधीच कोणीतरी तोंडासमोर माइक धरतो. त्या क्षणी निघालेल्या शब्दांवर आपण त्या माणसाचे सारे आयुष्य मोजतो आणि तीच चित्रफीत दहा जणांना पाठवतो. शिवी देणारा एकदाच देतो. ती हजार वेळा वाजवणारे आपण असतो.

तरी रागाची सबब सगळीकडे पुरत नाही. 2011 च्या एप्रिलमध्ये इंग्लंडचा फुटबॉलपटू वेन रूनी याने वेस्ट हॅमविरुद्ध तीन गोल केले आणि आनंदाच्या भरात थेट कॅमेऱ्याकडे पाहून अपशब्द उच्चारले. त्याच्यावर दोन सामन्यांची बंदी आली. तो हरला नव्हता, त्याच्यावर अन्यायही झाला नव्हता. म्हणजे शिवी ही दर वेळी रागाचीच लेक असते असे नाही; ती सवयीचीही लेक असते. आमच्या तोंडची शिवीही आडत्याच्या काट्यावर जन्मलेली नव्हती. ती आधीपासून जिभेवर बसून होती, काट्याने तिला फक्त वाट दिली.

मग शिवीत वाईट काय आहे? केवळ असभ्य शब्द म्हणून आम्हांला तिचे भय वाटत नाही. खेड्यापाड्यांत प्रेमानेही शिव्या देतात आणि त्यांनी कोणाचे घर मोडलेले आम्ही पाहिले नाही. प्रश्न असा की, शिवी जाते कोणाकडे आणि लागते कोणाला?

2008 च्या जानेवारीत सिडनी कसोटीत हरभजन सिंगने अँड्र्यू सायमंड्सला माकड म्हटले, असा आरोप झाला आणि हरभजनवर तीन कसोटींची बंदी आली. अपिलात बचाव असा होता की, त्याने वंशावरून काही म्हटलेच नाही. आईवरून दिल्या जाणाऱ्या एका हिंदी शिवीची सुरुवात तेवढी केली आणि ऐकणाऱ्याला ती भलतीच ऐकू आली. सचिन तेंडुलकरचीही साक्ष झाली. न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांनी बंदी उठवली. अपशब्दांबद्दल सामन्याच्या मानधनाच्या 50 टक्के दंड तेवढा राहिला. वंशावरून हिणवणे हा मोठा गुन्हा आहे, आणि सिद्ध न झालेल्या गुन्ह्याची शिक्षा कोणाला होऊ नये, हेही योग्यच. पण आईवरची शिवी हा बचाव होऊ शकला, आणि ते ऐकून देशभर लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आम्हीही टाकला होता. ज्या आईचे नाव अर्धवट घेतले गेले, ती त्या मैदानावर नव्हती. तिची बाजू मांडणारा तिथे कोणी नव्हता.

हदीसमध्ये एक प्रसंग येतो. आपल्याच आईबापांना शिवी देणे हे मोठ्या गुनाहांपैकी आहे, असे पैगंबरांनी सांगितले तेव्हा ऐकणारे चकित झाले. स्वतःच्या आईबापांना कोण शिवी देईल? त्यांना उत्तर मिळाले ते असे की, माणूस दुसऱ्याच्या आईबापांना शिवी देतो, मग तो दुसरा याच्या आईबापांना देतो. लहानपणापासून ही हदीस आम्ही ऐकत आलो. तिचा अर्थ कळला तो कॅरमच्या त्या डावावर. भावाने बहिणीला आईवरून शिवी दिली आणि परत येण्याइतकीही वाट तिला चालावी लागली नाही.

यावर कोणी विचारेल, मग अन्याय मुकाट्याने सोसायचा काय? मुळीच नाही. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये दुबईत भारत पाकिस्तानकडून हरला आणि मोहम्मद शमीला त्याच्या धर्मावरून समाजमाध्यमांत शिव्यांची लाखोली वाहिली गेली. आपल्यापैकी प्रत्येकाला ती आपल्यालाच दिल्यासारखी वाटली. काही दिवसांनी कर्णधार विराट कोहली पत्रकारांसमोर बसला. हाच कोहली 2012 मध्ये सिडनीच्या प्रेक्षकांना बोट दाखवून अर्ध्या मानधनाचा दंड भरून बसलेला; त्याची जीभ काही साखरेची नव्हे. त्या दिवशीही तो संतापलेला होता. धर्मावरून माणसावर हल्ला करण्यासारखे हीन कृत्य नाही, असे तो म्हणाला आणि असे करणाऱ्यांना त्याने कणाहीन म्हटले. शब्द कठोर होते, शिवी एकही नव्हती. ज्यांना लागायचे त्यांनाच ते लागले. कोणाच्या आईला ओरखडा उठला नाही.

खरा पैलवान कोण, याविषयीची हदीस जुम्याच्या बयानात आपण सर्वांनी ऐकलेली असते. समोरच्याला पाडणारा नव्हे, तर रागाच्या वेळी स्वतःला ताब्यात ठेवणारा. तिच्यात राग येऊच नये असे म्हटलेले नाही; राग आला तर त्याचा लगाम कोणाच्या हाती आहे, एवढेच तिथे पाहिले आहे. आमच्या श्रीगोंद्यात ज्यांची समाधी आहे त्या शेख महंमदबाबांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला. त्यातला संग्रामही बाहेरच्या वैऱ्याशी नाही, आतल्या विकारांशी आहे. त्या समाधीपासून हाकेच्या अंतरावर राहून आमची जीभ मोकाट सुटलेली होती.

मुलाला आम्ही बहिणीची माफी मागायला लावली. त्याने मागितली. आतून त्याची अम्मी म्हणाली, "शिवी मला दिली, माफी तिची मागितली!" मुलगा आत गेला आणि तिच्याजवळ चुलीपाशी बराच वेळ बसून राहिला.

पुढच्या बाजाराला आम्ही आडत्याकडे गेलो. वजनाचा हिशेब पुन्हा मांडला आणि हक्काचे पैसे मागितले, कारण वजन खरोखरच कमी धरले होते. मग शिवीबद्दल माफी मागितली. तो हसला, म्हणाला, "अहो, त्यात काय एवढं! बाजारात चालायचंच."

पैसे त्याने अर्धेच दिले, त्यासाठी आम्ही अजून भांडतो आहोत. त्याची आई मात्र आम्ही कधी पाहिलेली नाही. तिची माफी मागायची राहून गेली आहे.