अंधार आणि अज्ञान

‘अंध’ हा शब्द आपण ‘अज्ञानी’ या अर्थी सहज योजतो. त्यात कोणावर अन्याय होतो काय, हा विचार एका क्षुद्र मत्स्याच्या निमित्ताने करणे उचित होईल.

आपल्या हिंगोलीची भूमी काळ्या अग्निजन्य पाषाणाची. बस्तरात मात्र चुनखडक आहे. तो पाण्याने विरघळून जगदलपूरजवळ कोटुमसरची गुहा झाली. तिच्या निबिड अंधारात एक लहानसा मासा राहतो. अभ्यासकांनी त्याची गणना ज्या जातीत केली, ती फ्रान्सिस डे यांनी १८७२ साली पुण्याच्या माशांवरून वर्णिली होती. ओढ्यातील मासा डोळस. गुहेतील कित्येकांचे नेत्र खुरटलेले व वर्ण फिका.

हे त्या जीवाला झालेले शासन म्हणावे काय? मेक्सिकोतील गुहामत्स्यांच्या गर्भात नेत्र घडू लागतो. पुढे त्याचे भिंग मरते आणि नेत्र मावळतो. डोळस माशाचे भिंग त्या गर्भात बसविताच नेत्र वाढला, हे २००० साली सिद्ध झाले. निरनिराळ्या गुहांतील आंधळ्या माता-पित्यांची काही संतती डोळस निपजते, हे २००८ साली दिसून आले. कारण दृष्टी हरपण्याचे बीज गुहेगणिक भिन्न आहे. जेथे प्रकाशच नाही तेथे नेत्र पोसण्याचा व्यय वाचतो, असे अभ्यासक मानतात. उलट पाण्यातील कंप व रुची जाणण्याची या माशांची शक्ती वाढलेली असते.

कोणी म्हणेल, योनी कर्मानेच लाभते. ते मान्यच; परंतु देहाची घडण त्या स्थळी निर्वाह व्हावा अशी आहे. मग त्या घडणीला दोष कसा द्यावा?

दृष्टान्तपाठात जात्यंध व हत्ती यांचा दृष्टान्त आहे. तेथील दोष न दिसण्याचा नव्हे. हाती आलेला एक अवयव म्हणजेच हत्ती, या आग्रहाचा आहे. मासा असा आग्रह धरीत नाही. तो नेत्रवंत मनुष्य धरतो. म्हणून अज्ञानाचे दार्ष्टान्तिक माशावर न लावता स्वतःवर लावावे.

अहिंसेचा विचारही येथेच येतो. पायाखालची मुंगी दिसते, म्हणून आपण पाऊल जपतो. भूगर्भातील जीव दिसत नाही. पण विहिरीत ओतलेले विष आणि गुहेत नेलेला मळ त्याच्यापर्यंत पोचतो. जो दिसत नाही त्याच्याविषयीही ज्याचा हात आवरतो, त्याचीच अहिंसा पूर्ण. साधकाने व वासनिकाने याचा विचार अवश्य करावा.