फुलपाखरू हवे, अळी नको?

॥ जय गुरुदेव दत्त ॥



चैत्रातल्या एका रविवारी आम्ही घरचे सातजण पेडण्याहून हरवळ्याला गेलो. वाटेत साखळीला दत्तमहाराजांचे दर्शन, मग रुद्रेश्वराचे, आणि नंतर पायऱ्या उतरून धबधब्याच्या घळीत. पावसाळ्यात तिथे शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नाही. चैत्रात मात्र धार बारीक होते, खडक उघडे पडतात आणि काठाला ओली माती तेवढी राहते. त्या मातीवर फुलपाखरे बसली होती, पंधरा-वीस तरी असतील. आसपास फूल एकही नाही, नुसता चिखल!

नात म्हणाली, "आजी, ही चिखल खातात?"

मुलाने तिला समजावले. फुलांच्या रसात गोडी असते, पण क्षार फार थोडे. ते मिळवायला फुलपाखरे ओल्या मातीतले पाणी शोषतात. त्यात बहुतेक नर असतात, आणि त्यांनी गोळा केलेले क्षार पुढे मादीला, तिच्या अंड्यांना मिळतात. ऐकून हात जोडावेसे वाटले.

तेवढ्यात एक काळे, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असलेले फुलपाखरू आले. "हे आपल्या कढीपत्त्यावरचं," मुलगा म्हणाला, "लिंबावर, कढीपत्त्यावर याची मादी अंडी घालते. आधी पायांनी पानाची चव बघते."

माझा चेहराच उतरला. आदल्याच आठवड्यात मी परसातल्या कढीपत्त्यावरच्या नऊ अळ्या काढून चपलेखाली चिरडल्या होत्या. लहान असताना त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्यागार. हात लावला की डोक्यामागून लालसर शिंगे बाहेर काढतात आणि उग्र वास सोडतात. मला किळस आली, मी मारल्या. आणि इथे त्याच जिवाला बघून मी हात जोडत होते!

तेव्हापासून एक प्रश्न मनातून जात नाही. आपण जिला दया म्हणतो, ती खरंच दया असते, की नुसती आवड?

कुणी म्हणेल, मग डास मारायचे नाहीत का? भाजीला कीड लागली तर शेतकऱ्याने बघत बसायचं? तसं मी म्हणत नाही. त्याचं पोट त्या पिकावर आहे, त्याने गरज ओळखून निर्णय घ्यावा. पण माझी गरज कुठे होती? आमटीच्या फोडणीला आठ-दहा पानं लागतात, आणि झाड तर पुन्हा फुटतंच. मी गरजेने नाही, किळस आली म्हणून मारलं. गरज आणि किळस यांतला फरक आपला आपल्यालाच तपासावा लागतो.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले 24 गुरू सांगतात. त्यांत चंद्र आहे, समुद्र आहे, आणि अजगर, साप, कोळीसुद्धा आहेत. सुंदर दिसतो म्हणून त्यांतला एकही गुरू झालेला नाही. उलट पतंगाकडून अवधूत शिकतात ते हेच, की रूपाला भुलला तो जळाला. आणि आपण मात्र रूप बघूनच ठरवतो, कोणाला जपायचं आणि कोणाला झटकायचं.

हे अळीपुरतं असतं तर इतकं लिहिलं नसतं. माझ्या सासूबाई शेवटचं वर्ष अंथरुणावर होत्या. मी त्यांचं सगळं केलं, लोकांनी कौतुकही केलं. पण त्यांच्या खोलीत जाताना मी दारातच श्वास धरायची आणि काम झालं की लगेच बाहेर यायची. त्यांना ते कळत असणार. सेवा झाली, पण जवळ बसणं राहून गेलं. घळीत त्या दिवशी मला त्यांचीच आठवण झाली.

आता कढीपत्त्यावर पुन्हा दोन अळ्या आल्या होत्या. त्या फांदीची पानं काढायची नाहीत, असा नातीने घरात नियम केलाय. त्यातली एक दुसऱ्या दिवशी दिसली नाही, पक्ष्याने नेली असेल. दुसरी आहे. रोज सकाळी देवपूजेची फुलं काढताना तिला बघून येते. तिचं फुलपाखरू होईलच असं नाही. झालं तर आनंदच आहे. पण ते होणार म्हणून तिला जपायचं, हीसुद्धा पुन्हा आवडच झाली. ती आज अळी आहे, आणि आज तिला जगायचं आहे, एवढं मला पुरे व्हायला हवं.

या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या घरात एकदा बघावं. ज्याच्याजवळ बसायला आपलं मन मागे सरतं, असं कोण आहे? त्याच्याजवळ पाच मिनिटं जास्त बसावं, घाई न करता.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥