ओवळ्या जागेतलं पावित्र्य

सोवळ्या-ओवळ्याच्या हिशेबात मलाशय म्हणजे देहातली सर्वांत हलकी जागा. रायपूरला आमच्या चौबे कॉलनीत भागवत सांगणाऱ्या काकांनी मला विचारलं, "डॉक्टर, तिथे पवित्र असं काय असणार?" त्यांनी हे विचारलं, कारण तिथल्याच एका 'प्लेन'ला, म्हणजे दोन थरांमधल्या पातळीला, बिल हील्ड या इंग्रज सर्जनने १९८८ साली 'पवित्र' म्हटलं, आणि आम्ही सर्जन ते आजही मानतो.

मलाशयाला मागून आणि बाजूंनी चरबीचं वेष्टण असतं, मेसोरेक्टम. रक्तवाहिन्या, लसिकाग्रंथी त्यातच. गर्भात आतडं आणि त्याचा हा आधार एकत्रच घडतात, म्हणून दोघांभोवती एकच तलम आवरण असतं. कर्करोगाच्या पेशी मलाशयातून या चरबीत उतरतात, हे हील्डने १९८२ साली दाखवलं. त्याआधी सर्जन मलाशय हाताने ओढून सोडवत. आवरण फाटे, चरबी मागे राही आणि ओटीपोटात रोग पुन्हा डोकं वर काढी.

आता आम्ही आवरण न फाडता त्याच्या लगेच बाहेरून, त्या 'पवित्र' पातळीतूनच कापतो. शस्त्रक्रियेत रेसिडेंट मलाशय पुढे उचलून धरतो. त्रिकास्थीसमोर पिंजलेल्या कापसासारखे पांढरे धागे ताणले जातात. रक्ताचा टिपूस नाही. "सर, प्लेन मिल गया," तो म्हणतो. मग जोर लावायचा नाही. दिसेल तेवढाच धागा कापायचा. हात जरा आत गेला तर रोग मागे राहतो. बाहेर गेला तर लघवीच्या आणि कामजीवनाच्या नसा तुटतात.

काकांना मी हेच सांगितलं. ही सीमा कुणी मंत्राने आखलेली नाही. जन्माआधीच ती प्रत्येक देहात असते, ब्राह्मणाच्या आणि सफाई कामगाराच्या सारखीच. पावित्र्य जागेच्या उच्च-नीचतेत नसतं. जे आपण घडवलेलं नाही त्यापुढे हात आवरण्यात असतं. काका म्हणाले, "मग ओवळं काय?" माझ्या मते ओवळी आहे ती आपली किळस. तिच्यापायी माणसं मरतात.

शौचातून रक्त जातं हे आजोबा मुलाला सांगत नाहीत, सासू सुनेला सांगत नाही. मूळव्याध समजून महिनोन्‌महिने चूर्ण घेतात आणि येतात तेव्हा गाठ त्या आवरणाबाहेर पसरलेली असते. मग कितीही जपून कापलं तरी पुरत नाही. म्हणून हात जोडून सांगतो: रक्त दिसलं, शौचाची सवय बदलली, तर लाज धरू नका. लगेच तपासून घ्या.